कोमात ठेवणे (वैद्यकीय कोमा)

गंभीर दुखापतीनंतर, विशेषतः डोक्याला जबर मार बसल्यावर, रुग्णाला औषधे सतत चालू ठेवून गाढ बेशुद्धीत राखण्याच्या उपचाराला वैद्यकीय कोमा म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बोलण्यात तो ‘कोमात ठेवलंय’ एवढाच असतो. ‘कोमात गेलाय’ ही गोष्ट निराळी. गेलेला दुखापतीने गेलेला असतो. ठेवलेल्याचे औषध थांबवता येते. अतिदक्षता विभागाबाहेरून गावाकडे फोनवर निरोप जाईपर्यंत मात्र ‘ठेवलंय’चे हमखास ‘गेलाय’ होते आणि घरी रडारड सुरू होते. दोन्ही एकत्रही असू शकते. मुळात बेशुद्ध आलेल्यालाच पुढे औषधाने झोपवले जाते, त्यामुळे औषध थांबले की माणूस उठेलच, असेही नाही.

पुणे-बेंगळुरू महामार्ग याच पट्ट्यातून जातो. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत रात्री बिनदिव्यांच्या ट्रॉल्या आणि बिनहेल्मेटचे दुचाकीस्वार एकाच रस्त्यावर असतात. अशा धडकेत कवटी फुटली नाही तरी आतला मेंदू हादरतो आणि पुढच्या काही तासांत, कधी दिवसांत, सुजत जातो. पाय मुरगळला तर सूज बाहेर येते. कवटीत ती जाणार कुठे? कवटीच्या आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूजल (मेंदूभोवतीचे पाणी) असते. एकाने जागा वाढवून घेतली की दुसऱ्याला सोडावी लागते. ती सोय संपली की दाब झपाट्याने चढतो. निरोगी प्रौढात हा दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटर असतो. २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार करावे लागतात. दाब वाढला की मेंदूत रक्त शिरणे कठीण होते, रक्त कमी पडलेला भाग आणखी सुजतो, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही.

झोपवायचे ते यासाठी. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तोच खातो. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा पेशींच्या आपसांतल्या विद्युत संदेशांवर जातो, उरलेला पेशी नुसत्या जिवंत ठेवण्यावर. औषध पहिल्या वाट्याला कात्री लावते. गळीत हंगाम संपलेल्या साखर कारखान्यासारखी ही अवस्था आहे: बॉयलर थंड, पण राखण आणि देखभाल चालूच. मागणी घटली की मेंदूकडे येणारे रक्त कमी होते, कवटीतली जागा मोकळी होते आणि दाब उतरतो. शिवाय श्वासासाठी घशात घातलेल्या नळीमुळे येणारा खोकला, धडपड आणि झटके यांनी दाब उसळतो. औषधाने तेही शांत राहतात.

लोकांना वाटते तसा खरा गाढ कोमा हा पहिला उपाय नव्हे. आधी डोक्याकडची बाजू ३० अंश उचलणे, साधी गुंगी, मेंदूतले पाणी ओढून घेणारे मॅनिटॉल किंवा तीव्र क्षाराचे सलाईन, मेंदूजल काढणे, गरज पडल्यास कवटीचा तुकडा काढून सुजेला वाट देणे हे सगळे होते. तरीही दाब हटत नसेल तेव्हाच थायोपेंटोनसारखी बार्बिट्युरेट गटातली गाढ झोपवणारी औषधे येतात. मेंदूच्या विद्युत आलेखात लहरींचा एक झुबका आणि मग काही सेकंद सपाट रेषा दिसेपर्यंत मात्रा वाढवतात. ही दुधारी गोष्ट आहे. याच औषधाने रक्तदाब पडतो, आणि मेंदूला पोहोचणारे रक्त रक्तदाब वजा कवटीतला दाब या हिशेबावर चालते. दोन्ही एकदम पडले तर मिळवले काय? म्हणून सोबत रक्तदाब वाढवणारे औषधही चालू ठेवावे लागते. न्यूमोनिया, स्नायूंचा अशक्तपणा, पाठीवरच्या जखमा हे धोके आहेतच.

रोजच्या वापरात गुंगीसाठी प्रोपोफॉल, मिडाझोलम आणि वेदनेसाठी फेंटॅनिल असते. प्रोपोफॉल सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिनच्या मिश्रणात येते, म्हणून पांढरेशुभ्र दिसते. खाटेशेजारच्या पंपात लावलेली ती सिरिंज पाहून ‘नळीतनं दूध सोडलंय काय हो?’ असा प्रश्न येतोच.

दाब आटोक्यात असेल तर औषध मधूनमधून कमी करून रुग्ण कितपत प्रतिसाद देतो ते पाहतात. सीमाभागाचा खरा पेच इथे आहे. टीसडेल आणि जेनेट या मेंदूशल्यतज्ज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेली, शुद्ध किती आहे ते मोजणारी ग्लासगो मोजपट्टी डोळे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देते. ८ किंवा त्याखाली गंभीर. घशात नळी असताना बोलण्याचे गुण देता येत नाहीत, म्हणून मुख्य भिस्त हालचालीवर येते, आणि तिचे पूर्ण ६ गुण सांगितलेले ऐकल्यावरच मिळतात. आता खानापूरच्या रानातल्या, कन्नड न कळणाऱ्या आजीला ‘कै एत्ती’ म्हटले तर ती हात कसा उचलणार? समजले नाही म्हणून हलली नाही, आणि कागदावर एक गुण गेला. जाणती नर्स आधी घरच्या भाषेची चौकशी करते, मग कानाशी वाकून ‘आजी, हात वर करा बघूया’ म्हणते. बाहेर बसलेल्यांचीही अशीच गफलत होते. कन्नडमध्ये ‘प्रज्ञे’ म्हणजे शुद्ध, मराठीत ‘प्रज्ञा’ म्हणजे बुद्धी. ‘प्रज्ञे इल्ल’ ऐकून एखादा मराठी माणूस पोराची बुद्धीच गेली असे समजला, तर त्याला दोष कसा द्यावा?

उठायला लागणारा वेळ औषधावर ठरतो. थोडा वेळ दिलेले प्रोपोफॉल काही मिनिटांत उतरते. बरेच दिवस चाललेले मिडाझोलम, मूत्रपिंडे मंदावली असतील तर, रेंगाळते. थायोपेंटोन चरबीत साठते आणि निघून जायला कित्येक दिवस घेते. तोवर मेंदू मृत झाला आहे का याची तपासणीही करता येत नाही, कारण औषधाखालचा मेंदू आणि मृत मेंदू खाटेजवळ उभे राहून पाहणाऱ्याला सारखेच दिसू शकतात. जागा होणारा माणूसही एकदम जागा होत नाही. आधी डोळे उघडतात पण नजर ठरत नाही, मग तो नळ्या उपसायला पाहतो, कुणालाही भलत्याच नावाने हाक मारतो. या दिवसांत हात मऊ पट्टीने खाटेला बांधलेले दिसले, तर ते नळी वाचवण्यासाठी असतात.