कारहुणवी (कर्नाटकी बेंदूर)

ज्येष्ठ पौर्णिमेस होणारा बैलांचा सण. बेळगाव जिल्ह्यात व लगतच्या सीमाभागात मराठी शेतकरी त्याला बेंदूर, कर्नाटकी बेंदूर किंवा नुसते कारहुणवी म्हणतात. कन्नडमध्ये तो कार हुण्णिमे. मराठी दिनदर्शिकांत ज्येष्ठातल्या बेंदराला ‘कर्नाटकी’ आणि आषाढातल्याला ‘महाराष्ट्रीय’ असे विशेषण लावलेले असते. ही विशेषणे राज्याच्या हद्दीला धरून नाहीत. इचलकरंजी महाराष्ट्रात असूनही तेथील कर्नाटकी बेंदूर प्रसिद्ध आहे. सणाची ही विभागणी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेहून बरीच जुनी असावी.

नावाचा उत्तरार्ध सरळ आहे. संस्कृत पूर्णिमा, प्राकृत पुण्णिमा आणि त्यावरून कन्नड हुण्णिमे. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, त्या नियमाला हे धरून आहे. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत हुण्णिवे, हुणिवी अशी रूपे ऐकू येतात आणि मराठीतली ‘हुणवी’ याच बोलीरूपातून आलेली दिसते. वाद आहे तो पूर्वार्धाबद्दल. त्याची तीन स्पष्टीकरणे दिली जातात.

पहिल्यानुसार ‘कार’ म्हणजे पावसाळा. द्राविडी भाषांत ‘कार्’ या शब्दाभोवती काळेपणा, काळा ढग, पावसाळा असे अर्थ एकवटले आहेत, बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४) ते एकाच गटात येतात. कन्नडमधील मुंगारू (पुढचा, म्हणजे आधीचा पाऊस) आणि हिंगारू (मागचा पाऊस) या शब्दांतही हाच ‘कारू’ आहे. समासात ‘क’चा ‘ग’ झाला आहे. या अर्थाने कारहुणवी म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची पौर्णिमा.

दुसरे स्पष्टीकरण सणाच्या मुख्य विधीवरून केले जाते. वेशीत आडवे बांधलेले तोरण बैलांकडून तोडवून घेण्याला मराठीत ‘कर तोडणे’ आणि कन्नडमध्ये ‘करि हरियुवुदु’ म्हणतात. त्या करीवरून पौर्णिमेला नाव पडले, असे हे मत. तिसऱ्या मताचा आधार सणानंतरच्या दिवसाचे नाव हा आहे. मराठीत होळीची कर, संक्रांतीची कर असे म्हणतात, पंचांगात करिदिन असतो आणि कन्नडमध्येही सणाच्या दुसऱ्या दिवसाला ‘करि’ हाच शब्द आहे. गावात याखेरीज एक उलगडा सांगतात, की कर म्हणजे सारा आणि तो बैलाने गावाच्या वतीने फेडायचा. तो रंजक असला तरी भाषेच्या अंगाने त्याला फारसा आधार नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या मतांची अडचण ऱ्हस्व-दीर्घाची आहे. तोरणाची ‘करि’ आणि दुसऱ्या दिवसाची ‘करि’ दोन्ही ऱ्हस्व आहेत, तर पौर्णिमेच्या नावातला ‘कार’ कन्नड उच्चारात स्पष्ट दीर्घ आहे. शिवाय विधी पौर्णिमेच्याच दिवशी होत असेल, तर दुसऱ्या दिवसाचे नाव त्याला का मिळावे, याचे उत्तर तिसरे मत देत नाही. त्यामुळे पावसाळ्याचा अर्थ अधिक ग्राह्य ठरतो. तोरणाचे नाव मुळात वेगळे असून पुढे दोन्ही शब्द लोकांच्या कानात एक झाले, असे म्हणता येईल.

तिथीचा प्रश्नही तितकाच गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्र व कर्नाटक दोन्हीकडे अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे महिने पाळतात. म्हणून उत्तरेकडील श्रावण आणि आपला श्रावण यांत पंधरवड्याचे अंतर पडते, तसा हा फरक नाही. मान्सूनचे आगमनही कारण ठरत नाही. बेळगाव आणि कोल्हापूर येथे पाऊस साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, काही दिवसांच्या अंतराने पोचतो. सणांत मात्र जवळजवळ महिन्याचे अंतर आहे, आणि पोळा तर थेट श्रावण अमावास्येस. अधिक पटणारे कारण हे, की सणांचे प्रयोजनच दोन प्रकारचे आहे. कारहुणवी हा काम सुरू होतानाचा सण आहे: बैलाला न्हाऊमाखू घालून, खाऊ घालून जुवाखाली न्यायचे. आषाढातला बेंदूर आणि पोळा हे काम उरकल्याचे, बैलाच्या विसाव्याचे सण आहेत.

एका जिल्ह्यातही शेताची स्थिती सारखी नसते. खानापूर व बेळगाव तालुक्यांच्या पश्चिम अंगाला भाताची धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत केलेली) पेरणी आधीच झालेली असते किंवा रोपे टाकून चिखलणीची वाट पाहणे चालू असते. अथणी, रायबागकडे वर्षाचा पाऊस सहाशे मि.मी.च्या आत-बाहेर असल्याने सगळे लक्ष मृगाकडे लागलेले असते. अधिक मास आला की हे गणित आणखी हलते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने कारहुणवी निज ज्येष्ठात, २९ जूनला येते. तोवर मृग सरून आर्द्रा लागलेल्या असतात. वटपौर्णिमाही याच तिथीची. एकाच घरात बायका वडाला आणि पुरुष गोठ्याकडे, अशी पूजेची वाटणी त्या दिवशी असते.

विधी आदल्या दिवशी सुरू होतो. विजापूर-कलबुर्गीकडे त्या दिवसाला होन्नुग्गी असे स्वतंत्र नाव आहे. हुग्गी म्हणजे गहू वा ज्वारी गुळात शिजवून केलेला पदार्थ, जो बेळगावकडच्या मराठी घरांनाही चांगला परिचित आहे. बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळणे, नदीवर किंवा तळ्यावर धुणे, शिंगे तासून रंगवणे, नवी वेसण, म्होरकी व कासरा घालणे, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना शेंब्या, पाठीवर झूल हा क्रम पोळ्यासारखाच असल्याने येथे विस्तार करण्याचे कारण नाही. रंगाबद्दल मात्र सांगायला हवे. शिंगांना व अंगावर लावायच्या तांबड्या रंगाला या भागात हुरमंजी म्हणतात. मराठीतला हिरमजी तोच. इराणी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ बेटावरच्या तांबड्या मातीचा व्यापार जुना आहे आणि रंगाचे नाव त्या बेटावरून आले, असे मानतात. गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर असे समुद्रापलीकडचे गाव उमटलेले असते.

संध्याकाळी कर तोडतात. वेशीत किंवा देवळासमोर दोन खांबांच्या मध्ये दोर बांधून त्याला पिंपळाची, आंब्याची किंवा लिंबाची पाने आणि कुठे खोबऱ्याच्या वाट्या लावतात. सजवलेले बैल पळवत आणले जातात आणि ज्याचा बैल तोरण आधी तोडील त्याचा मान. पूर्वी क्रम वतनावरून ठरत असे. पहिला बैल पाटलाचा किंवा देसायाचा. तत्कालीन म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने गावकामगारांची वतने गेली, तरी मान बऱ्याच गावांत रूढीने टिकला. सणातल्या भांडणांचे मूळ बहुधा याच मानात असते.

तोरण तोडणाऱ्या बैलाच्या रंगावरून पिकाचे भाकीत करतात. तांबडा पुढे गेला तर मुंगारी, म्हणजे खरीप चांगला. पांढरा गेला तर हिंगारी, म्हणजे रब्बी चांगली. गावोगाव तपशील बदलतो. आता या भागात शर्यतीच्या हौसेमुळे खिलार बैलांना मागणी आहे आणि खिलार बहुतेक पांढरा किंवा कोसा. एकोणिसाव्या शतकात सांगलीसह दक्षिणेकडील संस्थानिकांनी काळ्या जमिनीच्या जड नांगरटीसाठी जोपासलेली कृष्णा खोऱ्याची जातही मुख्यतः पांढरीच. मग भाकीत रब्बीच्या बाजूला झुकणार, हे उघड आहे.

करीच्या वेळी होणाऱ्या इजा जवळजवळ ठरावीक असतात. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना माणसे आणि मध्ये बिथरलेले जनावर, अशा वेळी बैल मारायला येत नाही, वाट शोधतो. म्हणून तोरणापलीकडे मोकळी जागा राखणे सगळ्यांत महत्त्वाचे. जाणते गडी कासरा कधीही हाताला गुंडाळत नाहीत, मुठीत धरतात. गुंडाळलेला हात बैलाबरोबर फरफटत जातो. एका बैलाला दोन माणसे, मुले कट्ट्यावर किंवा माडीवर, फटाके व कर्कश ध्वनिवर्धक दूर, हे बहुतेक गावांना ठाऊक असते, पाळले जातेच असे नाही. सिमेंटच्या रस्त्यांनी नवा धोका आणला आहे. पत्र्या मारलेला खूर मातीत रुततो, ओल्या काँक्रीटवर घसरतो. वाटेवर माती किंवा भुसा पसरणे हा साधा उपाय. शिंग लागून झालेली जखम वरून लहान आणि आत खोल असू शकते. ती वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. हळद भरून थांबू नये.

बैल धुण्याची जागाही पाहून ठरवावी लागते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय या नद्यांना जूनमध्ये वरच्या पावसाचे पाणी अचानक येते, आणि कासरा धरून पाण्यात उतरलेली पोरे अनेकदा पोहणारी नसतात.

बैलाच्या प्रकृतीच्या बाजूने पाहिले तर सणातल्या तीन प्रथा तपासून घ्याव्यात. पहिली नळी पाजण्याची. तेल, अंडी, हळद हे मिश्रण बांबूच्या नळीतून (कन्नड गोट्ट) पाजतात. मान फार वर ताणून किंवा जीभ ओढून पाजले की पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसदाह होतो. असा बैल दोन-चार दिवसांनी धापू लागतो, तेव्हा त्याचा संबंध कोणी सणाशी जोडत नाही. मान जमिनीला साधारण समांतर ठेवून, थोडे थोडे, ठसका लागताच थांबून पाजणे सुरक्षित.

दुसरी प्रथा नैवेद्याची. पुरणपोळी, हुग्गी, शिजवलेले धान्य व गूळ एकदम पोटात गेले तर कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात) झपाट्याने आंबते आणि आम्लता वाढून बैल चारा सोडतो, कधी दगावतोही. मानाची एक पोळी पुरे. घराघरांतून मिळणाऱ्या पोळ्या मोजणारा कोणी असावा.

तिसरी प्रथा शिंगांची. शिंगांचा कर्करोग भारतातील बैलांत विशेष आढळतो आणि जुवाचा व दोराचा घासा यांबरोबर शिंगे खोल तासणे व रंगवणे ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध नसला तरी तासणी वरवरचीच ठेवणे बरे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात २०१६ साली झाला व नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. बैल एकमेकांना चाटतात, हे लक्षात घेता जुन्या डब्यातला तेलरंग न वापरता हुरमंजीच बरी.

घटसर्प व फऱ्या या जनावरांच्या रोगांची लस पावसाळ्यापूर्वी द्यायची असते आणि तिचा असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती मे महिन्यातच टोचलेली असावी. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. आजारी जनावर मिरवणुकीत न आणण्याचे भान तेव्हापासून वाढले आहे.

सणाला जोडून होणाऱ्या शर्यतींचा कायदा वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यतींना मनाई केली. त्यानंतर कर्नाटकाने प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती करून कंबळ (चिखलातली रेड्यांची शर्यत) व बैलांच्या शर्यतींना वाट दिली. महाराष्ट्राचीही दुरुस्ती त्याच वर्षाची. घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी तमिळनाडूसह तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्या अटींसह आहेत आणि टोचणी, शेपूट पिरगळणे किंवा मादक पदार्थ देणे यांना त्यांनी मुभा दिलेली नाही.

ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले. ज्यांच्या गोठ्यात बैल नाही ते कुंभाराकडून मातीची जोडी आणतात. कन्नड मुलखात मातीच्या बैलांसाठी पंधरा दिवसांनी, ज्येष्ठ अमावास्येस, ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ असा निराळा दिवस आहे. तिथून आषाढातली गुळ्ळव्व, श्रावणातला नाग आणि भाद्रपदातले गणपती व जोकुमार अशी मातीच्या मूर्तींची रांग लागते. सीमाभागातल्या पुष्कळ मराठी घरांत हे दोन दिवस वेगळे धरत नाहीत. मातीचे बैल बेंदरालाच येतात, देव्हाऱ्याजवळ राहतात, त्यांनाही पोळीचा नैवेद्य असतो. काही घरांत आता त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हुरमंजीचे पट्टे ओढतात आणि समोर नारळ फोडतात. कर मात्र ट्रॅक्टरने तोडत नाहीत.