गोळी पोहोचेपर्यंतचा वेळ

दुसऱ्या महायुद्धावरचे गेम खेळणाऱ्यांना अमेरिकन एम-वन गॅरंड रायफलची ‘टिंग’ पाठ असते. आठवी गोळी सुटली की आठ गोळ्या एकत्र धरणारी धातूची क्लिप रिकामी होऊन वर उसळते आणि तो आवाज येतो. खऱ्या गॅरंडचाही तो असाच येतो. लाकडाचा पोत, नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या बोल्टचा खडखडाट, दस्त्यावरचे ओरखडे, या सगळ्यावर गेम बनवणाऱ्यांनी घेतलेली मेहनत मला मनापासून आवडते. बहुतेकदा गळून जातो तो वेळ.

रिलोडचंच, म्हणजे पुन्हा गोळ्या भरण्याचंच बघा. ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यात, १० काडतुसं मावतात आणि ती पाच-पाचच्या पट्टीने भरतात. तीनच गोळ्या झाडल्या असतील तर पाचची पट्टी आत जाणार कशी? सुटी काडतुसं एकेक करून दाबावी लागतात. काही गेम मात्र तिथेही अख्खी पट्टी भरून दाखवतात. दुर्बीण लावलेल्या रशियन मोझिन-नागांत रायफलीत तर पट्टी बसवायच्या जागेवरच दुर्बीण येते. म्हणून स्नायपरला पाचही काडतुसं एकेक करून भरावी लागत.

जर्मन कार-९८-के रायफलीचा बोल्ट दर गोळीनंतर ९० अंश फिरवावा लागतो, ली-एनफील्डचा साधारण ६०. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाकडून ३०० यार्डांवर, म्हणजे सुमारे २७५ मीटरवर, एका मिनिटात नेम धरून १५ गोळ्यांची अपेक्षा होती. रिलोड धरून दर गोळीला चार सेकंद! तिथे बोल्टच्या प्रत्येक अंशाला किंमत होती.

यापेक्षा मोठी गफलत गोळीच्या प्रवासात होते. अनेक गेममध्ये ‘हिटस्कॅन’ पद्धत असते. बटण दाबताच संगणक एक सरळ रेषा आखतो, बऱ्याचदा नळीपासून नव्हे तर खेळाडूच्या नजरेपासून, आणि रेषेत पहिलं जे येईल त्याला त्याच क्षणी गोळी लागते. गणित सोपं, संगणकावर ताण कमी. ५० मीटरच्या गल्लीत त्याने फारसं बिघडतही नाही. तेवढ्या अंतरात खरी गोळी जेमतेम दोन सेंटिमीटर खाली येते.

३०० मीटरवर चित्र पालटतं. कार-९८-केची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७६० मीटर वेगाने सुटते, हवेच्या विरोधाने मंदावत जाते आणि ३०० मीटर गाठायला तिला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे एक मीटर खाली ओढतं. या रायफलीच्या मागच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या खाचेच्या पट्टीवर, १०० ते २००० मीटरचे आकडे कोरलेले असतात ते यासाठीच. सरकपट्टी पुढे नेली की साइट उंचावते, आणि पुन्हा नेम जुळवताना नळीचं तोंड आपोआप थोडं वर जातं. समोरचा माणूस सेकंदाला चार मीटर वेगाने आडवा धावत असेल, तर गोळी पोहोचेपर्यंत तो जवळपास दोन मीटर पुढे गेलेला असतो. नेम धरायचा तो पुढच्या मोकळ्या जागेवर.

मला सर्वांत चुटपुट लागते ती आवाजाची. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून वेगवान, म्हणून ती स्वतःबरोबर आघात-लहर घेऊन जाते. ती ज्याच्या जवळून जाते त्याला आधी चाबकासारखा कडाका ऐकू येतो आणि मग बंदुकीचा दबका ‘धप्प’. तोफा-विमानांच्या गोंगाटात हे वेगळं ओळखणं अवघड, पण सैनिकांना या दोन आवाजांमधला वेळ मोजायला शिकवलं जाई. कडाका गोळीच्या वाटेवरून येतो, त्यामुळे त्यावर विसंबून दिशा चुकते. बंदूकवाला असतो ‘धप्प’च्या बाजूला. काही मोजके गेम हे दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकवतात. तिथे हेडफोन लावून बसा आणि मोजा. कार-९८-केसाठी मध्ये ०.४ सेकंद गेले, तर ती झाडणारा सुमारे ३०० मीटरवर आहे.