उपवासाचं मीठ आणि जॉलीची बादली

समुद्र खारट का, याचं शाळेत पाठ केलेलं उत्तर आठवतंय ना? नद्या डोंगर झिजवतात, त्यातले क्षार समुद्रात आणून टाकतात, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. उत्तर चूक नाहीये, पण अर्धवट आहे, कारण नदीचं पाणी कितीही आटवलं तरी त्याचं समुद्राचं पाणी होत नाही. नद्यांच्या पाण्यात साधारणपणे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त. समुद्राच्या एक किलो पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास क्षार, त्यात 19 ग्रॅम क्लोराइड, जवळपास 11 ग्रॅम सोडियम, आणि कॅल्शियम फक्त 0.4 ग्रॅम! मग नद्यांनी आणलेलं एवढं कॅल्शियम गेलं कुठे?

जिवांनी पळवलं. शिंपले, पोवळी तर आहेतच, पण खरा डल्ला मारतात ते फोरॅमिनिफेरासारखे बारीक जीव, बरेचसे वाळूच्या कणाएवढेच. ते कॅल्शियम कार्बोनेटची कवचं बनवतात, मरतात आणि ती कवचं तळाशी साचत जातात, लाखो वर्षांनी त्याचाच चुनखडक होतो. अर्थात सगळीकडे नाही, चार-पाच किलोमीटरच्या खाली पाणी इतकं थंड, दाब इतका जास्त आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही इतका, की कवचं विरघळूनच जातात आणि तळाला बऱ्याच ठिकाणी नुसता तांबूस चिखल उरतो.

आता सोडियमची गंमत. 1899 मध्ये डब्लिनचे भूशास्त्रज्ञ जॉन जॉली यांनी एक हिशोब मांडला. समुद्रात एकूण सोडियम किती, नद्या वर्षाला किती आणतात, भागाकार केला की समुद्राचं वय. (कल्पना तशी जुनी, धूमकेतूवाले हॅली 1715 मध्येच असं काहीतरी सुचवून गेले होते.) उत्तर आलं 8 ते 9 कोटी वर्षं, आणि त्या काळात ते बऱ्याच जणांना पटलंही.

पण पृथ्वीचं वय आहे 454 कोटी वर्षं! म्हणजे भागाकार बरोबर पण गणितच चुकीचं मांडलेलं. बादली किती भरलीये आणि नळाची धार किती हे माहीत असेल तर नळ कधी सोडला ते सांगता येतं, मान्य, पण बादलीला भोक असेल तर? समुद्राला अशी बरीच भोकं आहेत. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर जमिनीवर येतात, त्यातलं मीठ पावसातून परत नदीत (याची थोडी वजाबाकी जॉलींनी केली होती), तळाची चिकणमाती सोडियम धरून ठेवते, गाळाच्या कणांमध्ये खारं पाणी अडकून गाडलं जातं. मॅग्नेशियमचं मोठं भोक तर 1977 मध्ये पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांजवळ अडीच किलोमीटर खोल गरम पाण्याचे झरे सापडले तेव्हा कळलं, तापलेल्या खडकात शिरलेलं पाणी मॅग्नेशियम तिथेच सोडून बाहेर येतं.

थोडक्यात जॉलींनी काढलं ते समुद्राचं वय नव्हतं, सोडियमचा एक अणू समुद्रात सरासरी किती मुक्काम करतो ते होतं, आणि त्या अर्थाने उत्तर फार वाईट नाही, आजचे आकडेही काही कोटी वर्षांचेच आहेत.

सगळ्यात नाट्यमय भोक म्हणजे अख्खा समुद्रच आटणं. सुमारे 60 लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राची अटलांटिकशी असलेली वाट जवळपास बंद झाली, पाणी आटत गेलं आणि तळाशी मिठाचे थर बसले, काही ठिकाणी किलोमीटरहून जाड. 1970 मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने तिथे ड्रिलिंग करून हे उघडकीला आणलं. पेण-उरणच्या मिठागरात जे होतं तेच हे, आधी कॅल्शियमचे क्षार, जिप्सम वगैरे खाली बसतात, मग मीठ, आणि शेवटी उरतं ते मॅग्नेशियमवालं कडू पाणी.

आणि आपलं सैंधव? समुद्राचं मीठ उपवासाला चालत नाही म्हणून आपण मुद्दाम सैंधव आणतो. आता पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं ते गुलाबी मीठ म्हणजेसुद्धा असाच एक आटलेला समुद्र, किमान 50 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे जॉलींच्या हिशोबाने समुद्र जन्मायच्या कितीतरी आधी साबुदाण्याच्या खिचडीतलं मीठ समुद्रातून बाहेर पडलेलं होतं. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, जुना समुद्र चालतो.