एस्प्रेसो यंत्र, घरगुती : क्षार काढणे व दुरुस्ती (सोलापूर परिसर)

बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबाने, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी पंचवीस-तीस सेकंद ढकलून दाट अर्क काढणारे विजेवरचे छोटे यंत्र म्हणजे घरगुती एस्प्रेसो यंत्र. त्यात साठणारे क्षार काढणे आणि बिघडलेले भाग बदलणे हा या नोंदीचा विषय आहे. सोलापुरात लग्नाच्या मांडवात वाफेने दूध फेसाळून देणाऱ्या उभ्या यंत्रालाही एस्प्रेसोच म्हणतात. त्याचा विचार येथे केलेला नाही. घरातल्या यंत्राच्या तक्रारींचा माग काढत गेले की या शहरात बहुतेक वेळा पाण्यापाशीच येऊन थांबावे लागते, म्हणून नोंदीचा मोठा भाग पाण्याविषयी आहे.

पाणी

सोलापूर शहराला उजनी धरण, भीमेवरचे टाकळी आणि शहराच्या उत्तरेचा हिप्परगा (एकरुख) तलाव येथून पाणी मिळते. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते. त्यामुळे घरोघरी हौद आणि गच्चीवर टाकी असते, अनेक सोसायट्यांत बोअरही असतो. नळाचे पाणी संपले की बोअरचे चढवतात, उन्हाळ्यात टँकर मागवतात. स्वयंपाकघरातल्या एकाच तोटीतून सोमवारी उजनीचे आणि गुरुवारी बोअरचे पाणी येऊ शकते, आणि दोन्हींच्या क्षारांत मोठे अंतर असते. यंत्राच्या पुस्तिकेतला ‘दर तीन महिन्यांनी’ हा सल्ला वर्षभर एकसारखे पाणी मिळणाऱ्या घरासाठी लिहिलेला असतो. सोलापुरात किती दिवस झाले हे मोजण्यापेक्षा कोणते पाणी किती लिटर गेले हे मोजणे जास्त खरे.

येथील भूजल जड का, याचे उत्तर खडकात आहे. दख्खनच्या बेसाल्टमधील फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजे झिजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. पाऊस कमी आणि ऊन कडक, त्यामुळे उन्हाळ्यात भूजलाची पातळी खाली गेली की बोअरचे पाणी आणखी मचूळ लागते, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. शाळेच्या पुस्तकातले दुष्फेन पाणी ते हेच.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. कॉफीच्या पाण्यासाठी स्पेशालिटी कॉफी असोसिएशन मात्र साधारण ५० ते १७५ मिलिग्रॅम जडपणा सुचवते. माणसाला चाललेले पाणी यंत्रालाही चालेल, असे म्हणूनच धरता येत नाही.

जडपणाचे दोन भाग असतात. कॅल्शियम बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तात्पुरता. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट धातूवर बसते. गिझरच्या कॉइलवरचे पांढरे कवच हेच. सल्फेटमुळे आलेला जडपणा कायमचा. तो उकळून जात नाही आणि त्याचा थर सौम्य आम्लालाही सहज दाद देत नाही. अ‍ॅल्युमिनियम किंवा तांबे ज्या वेगाने उष्णता वाहते त्याच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेगाने हे कवच ती वाहते. त्यामुळे थराखालचे हीटर नेहमीपेक्षा जास्त तापते, पाणी मात्र हवे तितके तापत नाही. कॉफी आंबट लागू लागते, आणि घरातले लोक महिनोन्‌महिने बियांना दोष देत राहतात.

ज्या यंत्रात वाफेचा वेगळा बॉयलर असतो तेथे आणखी एक गोष्ट घडते. वाफ बाहेर जाते, क्षार आतच राहतात, आणि उरलेले पाणी दिवसेंदिवस घट्ट होत जाते. सोलापुरात हे समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. चादरी आणि टॉवेलांच्या रंगकामाला वाफ लागते, आणि बॉयलर चालवणारा माणूस दोन गोष्टी कधी चुकवत नाही : बॉयलरला सॉफ्टनरमधून (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या साधनातून) आलेलेच पाणी द्यायचे आणि ठरलेल्या वेळी तळाचे पाणी सोडायचे. त्याला ते ‘ब्लोडाउन’ म्हणतात. घरच्या यंत्रातही आठवड्यातून एकदा गरम पाण्याच्या नळीतून पेलाभर पाणी काढून टाकणे हे तेच काम आहे, आणि ते आम्लापेक्षा स्वस्त व निर्धोक आहे.

पाणी तपासताना एक गोंधळ फार आढळतो. टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, त्यात साधे मीठही येते. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो, त्यामुळे पाणी नरम झाले तरी मीटरवरचा आकडा जवळजवळ तोच राहतो. जडपणासाठी थेंब मोजून रंग बदलणारा संच किंवा चाचणीपट्टी वापरावी.

आरओचे पाणी थेट घालणे हा सोपा वाटणारा उपाय पूर्ण बरोबर नाही. अगदी क्षारहीन पाण्याची कॉफी फिकी लागते, असे पाणी धातूही कुरतडते, आणि बॉयलरमधली पातळी पाण्याच्या वाहकतेवरून ओळखणारी काही यंत्रे अशा पाण्यात ‘टाकी रिकामी’ समजतात. मिश्रण करावे. नळाच्या पाण्याचा जडपणा ३०० आणि आरओचा २० असेल, तर एक भाग नळाचे व तीन भाग आरओचे घेतल्यावर जडपणा ९० येतो. घरपोच येणाऱ्या जारचे पाणीही तपासूनच घ्यावे, कारण एका प्लांटचे पाणी दुसऱ्यासारखे नसते. आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, रात्रभर निवू द्यावे आणि तळ न ढवळता वरचे गाळून घ्यावे. तात्पुरता जडपणा बराच उतरतो.

यंत्राची रचना

इटलीत तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेच्या दाबाच्या कॉफी यंत्राचे पेटंट घेतले, लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये ते सुधारले. फाएमा कंपनीच्या १९६१ च्या ई६१ या यंत्रात दाबासाठी पंप आला. आजच्या घरगुती यंत्रात टाकी, तिच्यातून पाणी ओढणारा कंपन-पंप, जादा दाब परत सोडणारी झडप, थर्मोब्लॉक (पाणी वाहता वाहता तापवणारा धातूचा ठोकळा) किंवा छोटा बॉयलर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा), सोलेनॉइड झडप (विजेने उघडबंद होणारी), कॉफीचा दांडा जेथे अडकतो ते ग्रुप हेड आणि वाफेची नळी एवढे मुख्य भाग असतात. यांतली सगळ्यांत अरुंद जागा सोलेनॉइड झडपेची. तिचे भोक सुईच्या टोकाएवढे असते आणि क्षार प्रथम तेथेच नडतात.

बॉयलर कशाचा आहे हे आम्ल घालण्याआधी माहीत हवे. गॅजिया क्लासिकच्या जुन्या यंत्रांत तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो, रँचिलियो सिल्वियात पितळी, अनेक स्वस्त यंत्रांत अ‍ॅल्युमिनियमचा थर्मोब्लॉक. अ‍ॅल्युमिनियमला आम्ल लवकर खाते.

क्षार काढणे

यंत्रात दोन प्रकारची घाण साठते आणि दोघींची औषधे उलट आहेत. कॉफीचे तेल ग्रुप हेडला आणि जाळीला चिकटते. ते अल्कधर्मी पावडरने निघते. चुन्याचा थर बॉयलरमध्ये असतो. तो आम्लाने निघतो. तेलाच्या पावडरने थर जात नाही आणि लिंबूसत्त्वाने तेल जात नाही. ज्या यंत्रात तीन-मार्गी सोलेनॉइड (ग्रुपमध्ये उरलेला दाब बाहेर सोडणारी झडप) आहे त्यातच बिनभोकाची चाळणी लावून उलटा प्रवाह देऊन तेल धुता येते. ही झडप नसलेल्या यंत्रात तसे करू नये, दाब आत कोंडतो.

चुन्यासाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, पुरेसे आहे. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम. रसायनाच्या हिशेबाने एवढे आम्ल सुमारे १५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवू शकते. रोज ३०० मिलिलिटर पाणी आणि जडपणा ४०० धरला, आणि सगळा क्षार आतच बसला असे मानले, तरी महिन्याला साडेतीन ग्रॅमच्या आसपास थर होतो. म्हणजे आम्ल कमी पडत नाही, कमी पडतो तो वेळ. थर जुना आहे म्हणून प्रमाण दुप्पट-तिप्पट करणे चुकीचे आहे, कारण दाट आणि गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ तयार होतो आणि तोच नळ्यांत बसतो. काही कंपन्या लॅक्टिक आम्लाचे द्रव देतात. त्याचे कॅल्शियम लवण जास्त विरघळणारे असल्याने गाळाची भीती कमी. व्हिनेगर टाळावे, त्याचा वास रबरात महिनाभर राहतो. गिझर साफ करायला मेकॅनिक जे अ‍ॅसिड आणतो ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते कॉफीच्या यंत्रात थेंबभरही जाता कामा नये. लिंबूसत्त्वही ब्लीचिंग पावडर किंवा टाकी धुण्याच्या क्लोरीनजवळ नेऊ नये, विषारी वायू निघतो.

कामाला पाणी येण्याचा दिवस निवडावा, कारण नंतर तीन-चार लिटर पाणी धुण्यात जाते. वीज जाण्याची शक्यता असलेली वेळ टाळावी. अर्ध्यावर वीज गेली तर आम्ल आत अडकून धातू खात बसते. टाकीतला फिल्टर काढून ठेवावा. द्रावणाचा चौथा हिस्सा ग्रुपमधून आणि थोडा वाफेच्या नळीतून काढावा, यंत्र बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, पुन्हा तेच करावे. पंप सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, मिनिटभर विश्रांती द्यावी. बाहेर येणारे पाणी निळसर-हिरवे दिसले तर आम्ल तांब्यापर्यंत पोचले आहे. काम तेथेच थांबवून लगेच धुवावे. धुणे मिश्र किंवा आरओच्या पाण्याने, किमान दोन टाक्या.

यंत्रावरचा क्षाराचा दिवा लागला नाही म्हणून थर नाही, असे समजू नये. बहुतेक यंत्रांत तो दिवा थर मोजत नाही. खरेदीच्या वेळी भरलेल्या जडपणाच्या आकड्यावरून आणि गेलेल्या पाण्यावरून नुसता हिशेब करतो. तो आकडा कारखान्यातून आला तसाच ठेवलेला असेल तर बोअरच्या पाण्यावर दिवा फार उशिरा लागतो.

वर्षानुवर्षे न काढलेल्या थरावर मात्र यंत्रातून आम्ल फिरवणे धोक्याचे. थर पूर्ण न विरघळता त्याच्या कपच्या सुटतात आणि सोलेनॉइडच्या भोकात जाऊन बसतात. ‘कालपर्यंत चालत होते, साफ केले आणि बंद पडले’ ही तक्रार याचीच. अशा यंत्राचा बॉयलर खोलून, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, सुटे भाग द्रावणात भिजवणे हाच मार्ग. जोडताना बॉयलरची रबरी गॅस्केट नवी घालावी.

दुरुस्ती

प्लग काढून, यंत्र थंड होऊन, वाफेची नळी उघडून दाब गेल्याची खात्री झाल्यावरच झाकण उघडावे.

पंप घरघरतो पण पाणी येत नाही, तेव्हा आधी हवा अडकली आहे का ते पाहावे. वाफेची नळी उघडी ठेवून पंप चालवला की बहुधा पाणी धरते. तरीही आले नाही तर ग्रुपची जाळी आणि सोलेनॉइड खोलावे. पंप बंद असूनही ग्रुपमधून थेंब गळत राहिले तर झडपेच्या बैठकीवर क्षाराचा कण असतो. झडप काढून धुतली की अनेकदा नवीन घ्यावी लागत नाही. दांड्याच्या कडेने पाणी उसळते, तेव्हा ग्रुपचे रबर कडक झालेले असते. हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित काम आहे. रबराला व्हॅसलीन किंवा तेल लावू नये. ईपीडीएम रबर पेट्रोलियम पदार्थाने फुगते. खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकॉन ग्रीसच वापरावे.

यंत्र तापतच नसेल तर मल्टिमीटर हवा. २३० व्होल्टवरच्या १,३०० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे ४१ ओहम येतो, १,००० वॅटच्या हीटरचा सुमारे ५३. हीटर ठीक असेल तर थर्मल फ्यूज पाहावा. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही, आणि तो उडण्यामागे बहुधा थराने कोंडलेली उष्णता असते. थर न काढता नुसता फ्यूज बदलला तर तोही उडेल. फ्यूजला बगल देऊन तार थेट जोडणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी. यंत्र लावताच आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर हीटरच्या वेष्टनात ओल शिरलेली असते किंवा ते फुटलेले असते. आरसीसीबी काढून यंत्र चालवून पाहणारे लोक आहेत. तसे कुणालाही करू देऊ नये.

कंपनीच्या दुरुस्तीसाठी येथून यंत्र अनेकदा खोक्यात घालून दुसऱ्या शहरात पाठवावे लागते. पण शहरात गिझर, मिक्सर आणि मोटार दुरुस्त करणारे हात भरपूर आहेत, आणि हीटर, थर्मोस्टॅट, झडप यांची त्यांना चांगली ओळख आहे. त्यांच्याकडे नसतात ते सुटे भाग. म्हणून वॉरंटी संपलेल्या यंत्राच्या मालकाने ग्रुपचे रबर, दोन-तीन मापांच्या ओ-रिंगा, एक थर्मल फ्यूज आणि पंप हे ऑनलाइन मागवून घरी ठेवावेत. पंपावर छापलेला नमुना क्रमांक, व्होल्ट आणि हर्ट्‌झ पाहूनच मागवावा. ११० व्होल्टचा पंप दिसायला तसाच असतो. थर्मोब्लॉकलाच चीर गेली असेल आणि तो भाग मिळत नसेल, तर यंत्र मोडीत काढून पंप, सोलेनॉइड आणि दांडा तेवढा पुढच्यासाठी ठेवून द्यावा.