‘टेल’ म्हणजे आधी मोजणं

बँकेत पैशाच्या खिडकीवर ‘टेलर’ लिहिलेलं बघून आमचे आजोबा विचारायचे, इथं बी शिंपी बसवलाय का बे? त्यांचं काय चुकलं, सोलापुरात गल्लोगल्ली युनिफॉर्म शिवणारे, दुसरा टेलर कुणाच्या डोक्यात येणार. शिंप्याचा टेलर फ्रेंचमधल्या कापण्याच्या शब्दावरनं आलाय आणि बँकेतला आलाय इंग्लिशच्या ‘टेल’वरनं, म्हणजे सांगणे. पण तो सांगतो कुठं, नोटा मोजतो की!

तर ‘टेल’चा जुना अर्थच मोजणं. जुन्या इंग्लिशमधल्या ‘टेल्लान’चे मोजणं आणि सांगणं असे दोन्ही अर्थ होते, डचमध्ये ‘टेलेन’ म्हणजे आजही मोजणं आणि ‘फर्टेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणं, जर्मनमध्ये ‘त्सेलेन’ आणि ‘एर्त्सेलेन’ तशीच जोडी. 1611 च्या किंग जेम्स बायबलात देव अब्रामला तारे ‘टेल’ कर म्हणतो ते मोजायलाच. नंतर मोजण्याचं काम बरंचसं ‘काउंट’नं घेतलं (तो फ्रेंचमधनं आला, आणि गंमत म्हणजे ‘रिकाउंट’ म्हणजे परत मोजणं पण आणि हकीकत सांगणं पण), ‘टेल’कडं सांगणं उरलं. तरी जुना अर्थ कोपऱ्यात आहेच, ब्रिटनच्या संसदेत मतं मोजणारे अजून टेलर, ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे मोजदाद नसलेली संपत्ती, ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे धरून.

शाळेत हे कुणी सांगितलं नाही, तिथं ‘ही सेड मी’ लिहिलं की लाल रेघ. ‘सेड’ला मध्ये ‘टू’ लागतो, ‘टोल्ड’ला नाही, एवढंच घोकलं. आपल्यात ‘मला म्हणाला’ आणि ‘मला सांगितलं’ दोन्हीकडं ‘मला’च, मग पोरगं चुकणार नाही तर काय. बरं, वर्गात निम्म्यांच्या घरी कन्नड ‘हेळ्री’ नाहीतर तेलुगू ‘चेप्पंडी’ (दोन्ही म्हणजे ‘सांगा’), सगळ्यांच्या वह्या सारख्याच लाल.

मोजण्याचं-सांगण्याचं हे नातं इंग्लिशचंच आहे असं मात्र नाही हां. संस्कृतात ‘ख्या’ म्हणजे सांगणं, त्यातनंच आख्यान, व्याख्यान, आणि त्यातनंच संख्या! आणि आमची आजी नळाला पाणी चार दिवसाआड येतं म्हणून सुरू झाली की आजोबा म्हणायचे, झालं, वाचला हिनं पाढा.