अ‍ॅस्पेक्ट्स गुणांकन

मेंदूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने अडून पक्षाघात झाल्यावर पहिल्या काही तासांत मेंदूच्या किती भागाला इजा पोचली आहे, हे साध्या सीटी स्कॅनवरून ठरवण्याची दहा गुणांची पद्धत. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी येथील डॉक्टरांनी ती तयार केली आणि २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तिच्या नावातील ‘अ’ हे अक्षर अल्बर्टाचेच आहे.

पक्षाघाताच्या रुग्णाचा सीटी स्कॅन सर्वांत आधी काढतात तो रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी. ताजे रक्त पांढरे उमटते आणि सहसा चटकन ओळखू येते. रक्त न मिळाल्याने झालेली इजा मात्र सुरुवातीला फार पुसट असते. रक्तपुरवठा अतिशय घटला की ऊतीत पाणी साचू लागते. पाण्याचे प्रमाण एक टक्क्याने वाढले, तर त्या जागेची घनता सुमारे अडीच हाउन्सफील्ड एककांनी (सीटीवर घनता मोजण्याच्या एककांनी) उतरते. मेंदूतील करड्या (मुख्यतः पेशींच्या) आणि पांढऱ्या (मुख्यतः तंतूंच्या) द्रव्यांच्या घनतेत मुळातच थोड्याच एककांचा फरक असल्यामुळे एवढी घटही त्यांच्यामधली सीमारेषा पुसून टाकते. इन्सुला या आत दडलेल्या भागाची करडी पट्टी दिसेनाशी होणे किंवा लेन्टिफॉर्म केंद्रकाची, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या करड्या द्रव्याच्या एका पुंजक्याची, कडा अस्पष्ट होणे, ही त्याची सर्वपरिचित चिन्हे आहेत. ती नेहमीच्या छटांत निसटण्याचा धोका असतो, म्हणून करड्या छटांची कक्षा मुद्दाम अरुंद करून, डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करत चित्र वाचावे लागते. धमनीतली गुठळी कधी कधी पांढऱ्या रेघेसारखी दिसते. ती निदानाला मोलाची असली तरी गुणांकनात धरली जात नाही.

मेंदूच्या बाहेरच्या बाजूच्या मोठ्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मध्य मस्तिष्क धमनीचे क्षेत्र या पद्धतीत दहा विभागांत वाटलेले आहे. कॉडेट केंद्रक (असाच दुसरा पुंजका), लेन्टिफॉर्म केंद्रक, इंटर्नल कॅप्सूल (त्यांच्यालगतचा तंतूंचा पट्टा) आणि इन्सुला हे चार विभाग खोलवरचे असून उरलेले सहा, म्हणजे एम१ ते एम६, बाह्यकातील (मेंदूच्या पृष्ठभागाच्या थरातील) आहेत. त्यांपैकी पहिले तीन खोल केंद्रकांच्या पातळीवर आणि पुढचे तीन त्याच्या वर पाहतात. सुरुवात दहापासून होते आणि नव्या इजेची खूण दिसलेल्या प्रत्येक विभागामागे एक गुण वजा होतो. दहा म्हणजे इजेची खूण नाही, शून्य म्हणजे सगळे क्षेत्र बाधित. जुन्या पक्षाघाताचे व्रण यात मोजायचे नसतात, आणि वृद्ध रुग्णात नवे-जुने वेगळे करणे हेच अनेकदा सर्वांत अवघड काम ठरते.

गुठळी विरघळवणारे औषध दिलेल्या रुग्णांच्या मूळ अभ्यासात सात किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांमध्ये परावलंबन आणि मृत्यू यांचे प्रमाण एकदम वाढलेले आढळले. २०१५ मध्ये तारेच्या जाळीने गुठळी ओढून काढण्याचा उपचार एकापाठोपाठ एक चाचण्यांत सिद्ध झाला, तेव्हा त्यांपैकी काही चाचण्यांत रुग्णनिवडीसाठी सहा किंवा अधिक गुणांची अट होती आणि पुढे तीच उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतही आली.

या पद्धतीचे खरे मोल, प्रस्तुत लेखकाच्या मते, आकड्यापेक्षा ती नजरेला लावत असलेल्या शिस्तीत आहे: दहाही जागा एकेक करून पाहिल्याशिवाय गुण देता येत नाहीत. मात्र सर्व विभागांना समान गुण असले तरी त्यांचे आकारमान आणि कार्य समान नाही. इंटर्नल कॅप्सूल हा छोटासा भाग गेला तरी निम्मे शरीर लुळे पडू शकते, आणि वाचा सहसा डाव्या गोलार्धावर अवलंबून असल्याने डाव्या-उजव्या बाजूंच्या सारख्या गुणांचा रुग्णाच्या दृष्टीने अर्थ सारखा नसतो. दोन जाणकारांच्या गुणांतही एखाद-दोन अंकांचा फरक पडतो. हल्ली संगणक प्रणालीही गुण सुचवतात, पण मूळ चित्र डॉक्टरांनी पाहावेच लागते. शिवाय हा आकडा झालेली इजा दाखवतो. रक्त कमी पडूनही तग धरून असलेला, अजून वाचवता येणारा भाग त्यात दिसत नाही, त्यासाठी रक्तप्रवाह मोजणारा वेगळा स्कॅन लागतो.

सहाची मर्यादाही आता ढळली आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये जपान, चीन आणि अन्यत्र झालेल्या चाचण्यांत तीन ते पाच गुणांच्या रुग्णांनाही गुठळी काढल्याचा फायदा झाला, मात्र त्यांपैकी बहुतेक जण उपचारानंतरही पूर्ण स्वावलंबी झाले नाहीत.