रोमन लोकांची 'ओकायची खोली'
"रोमन श्रीमंत तुडुंब जेवायचे, शेजारच्या 'व्होमिटोरियम'मध्ये जाऊन ओकायचे आणि पुन्हा ताटावर बसायचे", हा फॉरवर्ड अधूनमधून येतोच.

शब्द खरा आहे, खोली मात्र नव्हती. लॅटिनमध्ये 'व्होमेरे' म्हणजे ओकणं, बाहेर टाकणं. व्होमिटोरियम म्हणजे प्रेक्षागारात बसायच्या पायऱ्यांखालून जाणारी वाट. खेळ सुटला की तिथून माणसांचा लोंढा बाहेर पडे. (लोकलमधून फलाटावर गर्दी ओतली जाते, असं आपणही म्हणतोच.)

पडताळायचं तर इटलीतल्या व्हेरोनाच्या रोमन अरीनाचा आतला फोटो मोठा करून पाहा: दगडी पायऱ्यांच्या मधोमध ती चौकोनी तोंडं दिसतील. पॉम्पेई या रोमन शहरात इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून जेवणघरं, स्नानगृहं, शौचकूपसुद्धा निघाले; ओकायची खोली नाही. मेजवानीत ओकणाऱ्यांवरचे टोमणे जुन्या रोमन लिखाणात आहेत, तेवढं खरं.